सायकेडेलिक उपचार: मात्रेच्या आधी काय, नंतर काय

सायकेडेलिक म्हणजे भान बदलून टाकणाऱ्या औषधाची एक गोळी घेतली आणि जुनं नैराश्य गेलं, अशा गोष्टी हल्ली बऱ्याच कानावर येतात. खरा उपचार कसा असतो ते आधी भेटींच्या हिशेबात पाहू. पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार; त्यासाठी एमडीएमएच्या ('एक्स्टसी' नावाने ओळखलं जाणारं औषध) ज्या मोठ्या चाचण्या झाल्या त्यांत औषध फक्त तीनदा दिलं गेलं, दर वेळी साधारण आठ तासांचं सत्र. त्याआधी दीड-दीड तासाच्या तीन बैठका आणि औषधाच्या सत्रांनंतर मिळून नऊ. म्हणजे पंधरा भेटींपैकी बारा भेटींत नुसतं बोलणं. हे बोलणं वगळलं तर उरते ती नशा.

भारतात सिलोसायबिन (काही अळंब्यांतलं द्रव्य), एलएसडी आणि एमडीएमए ही तिन्ही १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. गोव्यात किंवा डोंगरात कुणी 'हीलिंग रिट्रीट' म्हणून ती देत असेल, तर तो उपचार नव्हे. तिथे रक्तदाब मोजायलाही बहुधा कुणी नसतं. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन आणि पीटीएसडीसाठी एमडीएमए लिहून देऊ शकतात. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएचा अर्ज नाकारला आणि आणखी एक मोठी चाचणी मागितली. चाचणीत तुलनेसाठी काहींना खोटं औषध देतात, पण आपल्याला खरं औषध मिळालंय की खोटं, हे रुग्णाला अर्ध्या-एक तासात कळतंच. मग तुलना कशाशी करायची, ही या सगळ्या चाचण्यांची कायमची अडचण आहे.

आपल्याकडे कायदेशीर वाट उरते ती केटामाइनची. हे मुळात भुलीचं औषध. काटेकोर अर्थाने ते सायकेडेलिक नाही: सिलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनाच्या ग्राहींवर (ते रसायन जिथे चिकटतं त्या जागांवर) काम करतं, केटामाइन ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या. नैराश्यासाठी नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, सलाईनमधून ४० मिनिटांत. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत सहा वेळा देतात. गुण काही तासांत ते दिवसभरात दिसतो, पण एकाच मात्रेचा असेल तर आठ-पंधरा दिवसांत ओसरतोही. नेमक्या याच गोष्टीवर रुग्ण आणि घरचे खचतात, म्हणून ती पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलेली बरी.

पहिल्या भेटीला जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या, आयुर्वेदिकसुद्धा. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर लाजेखातर लपवू नका. सिलोसायबिनच्या चाचण्यांतून अशा लोकांना वगळतात, कारण सुप्त आजार उफाळू शकतो. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असताना सिलोसायबिन घेतलं तर झटके येण्याचा धोका असतो. नैराश्याच्या एसएसआरआय गोळ्या सिलोसायबिनचा परिणाम बोथट करतात, म्हणून त्या आधी बंद करतात: बहुतेक गोळ्यांना दोन आठवडे पुरतात, त्यांतल्या फ्लुओक्सेटिनला सुमारे पाच. मात्र गोळ्या थांबल्या की आजार डोकं वर काढतो. हे दिवस घरच्यांनी डोळ्यात तेल घालून काढायचे, आणि गोळी मनाने कधीच थांबवायची नाही. केटामाइनसाठी या गोळ्या सहसा चालूच ठेवतात.

स्पर्शाबद्दलही आधीच ठरवा. घाबरल्यावर हात धरलेला चालेल का? खांद्यावर हात? जे ठरेल ते लिहून घ्या. औषध चढल्यावर दिलेला होकार धरायचा नाही. नकार मात्र कधीही दिला तरी धरायचा.

केटामाइनच्या दिवशी सहा तास जेवण नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. रक्तदाब आधी मोजतात, मध्येही मोजतात. तो वाढतोच, आणि आधीच हाताबाहेर असेल तर त्या दिवशी सलाईन लावत नाहीत. भूलतज्ज्ञ किंवा श्वास सांभाळता येणारा डॉक्टर हाताशी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दहा-पंधरा मिनिटांत हात लांब गेल्यासारखे, आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटू लागतात. कुणाला मळमळतं. भीती वाटली तर झगडू नये, डोळे उघडून छताकडे पाहावं आणि 'भीती वाटतेय' एवढं मोठ्याने म्हणावं. सोबतच्या माणसाला तेवढं पुरतं. नंतर दोन तास तरी तिथेच थांबायचं. स्कूटर आणायची नाही, घरचं माणूस आणायचं, आणि त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करायची नाही.

परदेशातलं सिलोसायबिनचं सत्र सहा-आठ तासांचं. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी प्रशिक्षित माणसं, आणि बोलणं अगदी कमी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३३ जणांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी नैराश्य मोजण्याच्या पट्टीवरचा आकडा सरासरी १२ने उतरला, तुलनेसाठी नाममात्र १ मिलिग्रॅम दिलेल्यांचा ५.४ने. पण बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेला फायदा पाचातल्या एकालाच होता.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर, कुणाशी बोलायच्या आधी, जे आठवेल ते तुटक का होईना वहीत उतरवा. सत्रात दिसलेली लहानपणाची आठवण खरीच घडली असेल असं नाही; तिच्या जोरावर लगेच भावाशी भांडण काढू नका किंवा राजीनामा देऊ नका. वही घेऊन दोन-तीन दिवसांत थेरपिस्टकडे जा. 'नंतरच्या बैठकांची गरज नाही, पुढचं सलाईन घ्या' असं उत्तर मिळालं तर केंद्र बदला. केटामाइन महिनोन्महिने वरचेवर घेतल्यास मूत्राशयाला इजा होऊ शकते. लघवीला जळजळ किंवा सारखं जावं लागणं ही पहिली खूण. आणि गुण ओसरताना जीव नकोसा झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही: टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.