या चुका टाळा : बदलासाठी लिहिणाऱ्या तरुणांचे लेख अडतात कुठे?

'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरुवात असलेला लेख संपादक सहसा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचत नाही. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, भाषाही बरी असते. पण लेख कुणाला उद्देशून आहे आणि वाचून त्याने काय करायचं, हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं. पुण्यातल्या कॉलेजांमधून, पेठांमधल्या अभ्यासिकांमधून आमच्या लहानशा नियतकालिकाकडे जे लेखन येतं, त्यातलं पुष्कळसं इथेच अडतं.

विषय आभाळाएवढा घेणे

'प्रदूषण : एक गंभीर समस्या.' हा दोष मुलांचा कमी, आमच्या निबंध स्पर्धांचा जास्त. शाळाभर मुद्दे, विस्तार, उपसंहार असं घोकून घेतल्यावर विसाव्या वर्षी मूल दुसरं काय लिहिणार?

मुठा नदीवर लिहायचंय ना? भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो दर पावसाळ्यात छापून येतोच, त्यासाठी तुमची गरज नाही. २०२४च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. तिथल्या एका इमारतीतल्या लोकांना इशारा मिळाला का, किती वाजता मिळाला, कुणी दिला, एवढाच लेखाचा विषय करा. आठशे शब्द कमी पडतील.

याचा वस्तुपाठ पुण्यातच आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. 'आमच्यावर फार अन्याय झाला' एवढ्या मोघम वाक्यावर ती थांबत नाही. तालमीसमोरून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ होई, असं ती जागेच्या नावासकट लिहिते. बाळंतीण होणाऱ्या बाईच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी, पाऊस, वारा तिला सोसावा लागतो, हेही लिहिते. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी तो निबंध वाचताना अंगावर काटा येतो, तो या तपशिलांमुळे.

छापून आलं, पण काहीच हललं नाही

अशी तक्रार आली की मी लेखाचा शेवट आधी पाहतो. 'प्रशासनाने याकडे लक्ष द्यावे' असं तिथे हमखास असतं. प्रशासन म्हणजे कोण? फुटपाथ उखडलाय तर महापालिकेचा पथ विभाग की तुमचं क्षेत्रीय कार्यालय? बस येत नाही तर पीएमपीएमएलचा कुठला डेपो? नाव न घेता हाक मारली तर वळून कोण पाहणार? ज्याच्या सहीने काम होतं, त्या पदाचं नाव लेखात आलंच पाहिजे. ते शोधायला दोन चकरा माराव्या लागतात, आणि बहुतेक जण नेमक्या त्याच टाळतात.

चकरा मारूनही माहिती मिळाली नाही, तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि तो १५० शब्दांत बसवायचा. इथे मुलं हमखास चुकतात ती प्रश्न विचारण्यात. 'रस्ता अजून दुरुस्त का केला नाही?' असं विचारलं की अर्ज कोरडाच परत येतो. कायद्याने मिळते ती दप्तरी असलेली माहिती. अधिकाऱ्याकडून खुलासा काढून घेण्याची सोय त्यात नाही. म्हणून कामाच्या आदेशाची प्रत मागा, ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती मागा, तपासणीची नोंद मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. लेखाची घाई असेल तर हे जमत नाही, हे मान्य. पण महिनाभर थांबून लिहिलेला लेख आणि रात्रीत लिहिलेला लेख यांतला फरक वाचकाला लगेच कळतो.

आणि छापून आल्यावर कात्रण त्या टेबलावर नेऊन द्या, पोच घ्या. नुसतं स्टेटसला ठेवून ते तिथे पोचत नाही.

दुसऱ्याच्या दुःखावर आपली सही

कचरावेचक मावशींवर लिहिलं, फोटोही टाकला. मावशींना पत्ताच नाही. छापण्याआधी लेख त्यांना वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर हे आणखीच गरजेचं. त्या एखादं वाक्य काढायला सांगतील, कधी तुम्हाला फार आवडलेलंच वाक्य सांगतील. काढा.

नाव बदललं की काम झालं, असंही समजू नका. वस्ती, शाळा, आईचं काम हे सगळं दिलं तर शेजारीपाजारी ओळखणारच. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे; मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. त्यात नावाबरोबर पत्ता, शाळा, कुटुंब, परिसर हेही येतं.

नाव घेऊन आरोप करताना 'पण ते खरं आहे' एवढ्यावर विसंबू नका. बदनामीच्या फौजदारी कायद्यात खरेपणासोबत सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. हातात कागद नसेल तर ते वाक्य लिहू नका.

मार्गदर्शकांच्या चुका

जालन्याहून, नंदुरबारहून इथे शिकायला आलेल्या मुलाच्या लेखातलं 'लेकरू' खोडून 'अपत्य' करणारे सर मला माहीत आहेत. सगळ्या लेखांना सदाशिव पेठेचा वास आलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? शुद्धलेखन तपासा जरूर, पण मुलाचा शब्द राहू द्या. तसंच, प्रमाणपत्रं वाटण्यापेक्षा लेखाच्या समासात दोन खरे प्रश्न लिहून तो परत दिलात, तर ते मूल पुन्हा लिहील.

पाठवताना

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचं कडबोळं होतं, आणि वहीच्या पानांचे व्हॉट्सॲपवरचे फोटो कुणी टाइप करत बसत नाही. पहिलाच लेख असेल तर वृत्तपत्रातल्या वाचकांच्या पत्रांपासून सुरुवात करा. दीडशे शब्दांत एक मुद्दा मांडता येणं ही मोठी तालीम आहे. दिवाळी अंकासाठी लिहायचं तर नवरात्रात जाग येऊन उपयोग नाही, पावसाळा लागतानाच संपादकाला विचारा.

एकच लेख एका वेळी पाच ठिकाणी धाडू नका. महिनाभर उत्तर आलं नाही तर एक ओळीची आठवण करा. तरीही शांतता असेल, तर लेख दुसरीकडे देत असल्याचं पहिल्या संपादकाला कळवा आणि खुशाल पुढे पाठवा.