इंग्रजी वाक्यातील शब्दक्रम कसा सांभाळावा
मराठीत 'रामने आंबा खाल्ला' आणि 'आंबा रामने खाल्ला' ही दोन्ही वाक्ये चालतात, कारण कर्ता कोण हे 'ने' हा प्रत्यय सांगतो. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय लागत नसल्यामुळे ते काम शब्दाच्या जागेला करावे लागते. म्हणून आधी कर्ता, लगेच क्रियापद आणि मग कर्म हा क्रम पक्का करावा: 'राम एट अ मँगो'. स्थळ आणि काळ सहसा शेवटी येतात.

खरी अडचण प्रश्न आणि नकार करताना येते, त्यामुळे सरावाचा बहुतेक वेळ तिथेच द्यावा. 'शी वर्क्स हिअर' याचा प्रश्न करताना 'डझ' कर्त्याच्या आधी येते आणि क्रियापदाचा शेवटचा 'स' गळतो. 'डझ शी वर्क हिअर?' हे बरोबर, 'डझ शी वर्क्स' हे चूक. भूतकाळातही तसेच: काळ 'डिड'ने एकदा दाखवला की पुढे क्रियापदाचे मूळ रूपच हवे, म्हणून 'आय डिड नॉट वेन्ट' न लिहिता 'आय डिड नॉट गो' असे लिहावे. वाक्यात 'इज', 'वॉज' किंवा 'कॅन' आधीच असेल, तर मात्र 'डू' लागत नाही. प्रश्नासाठी तोच शब्द कर्त्याच्या आधी न्यावा.