अमेरिकेच्या दक्षिणेत जुनं घर स्वस्तात घेताय? या चुका टाळा

अलाबामातल्या सेल्मासारख्या गावात बारा फूट उंच छताचं, चार फायरप्लेसचं, पुढे रुंद पोर्च असलेलं शंभरेक वर्षांचं घर अटलांटाच्या टाउनहाउसपेक्षा कितीतरी कमी पैशात मिळू शकतं. फोटो मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, कुणीतरी लिहितं, ‘अरे, हा तर वाडाच!’ आणि शनिवारी सकाळी गाडी निघते. आम्हीही अशीच काढली होती.

घर स्वस्त का, हे आधी स्वतःला विचारा. कापूस गेला, कापडगिरण्या बंद पडल्या, पोरं शहरात गेली. म्हणजे उद्या तुम्हाला विकायचं झालं तरी गिऱ्हाईक तेवढंच.

आधी वर बघणं

सगळे जिना बघतात, हार्ट पाइनची, म्हणजे जुन्या पाइनच्या गाभ्याच्या लाकडाची, जमीन बघतात. (ती बघण्यासारखी असतेच. लाँगलीफ पाइनची ती जुनी जंगलं आता फार थोडी उरलीत.) पण ही घरं बहुधा विटांच्या खांबांवर उभी असतात आणि खाली दोन-तीन फुटांची पोकळी असते, क्रॉल स्पेस. दक्षिणेतला उन्हाळा कोकणासारखा दमट. ती ओल वर चढते आणि सगळ्या भिंतींचा भार घेणारी तळाची तुळई, म्हणजे सिल, आतून भुसा होते. आमचा इन्स्पेक्टर पोटावर सरपटत आत गेला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत. वर मात्र सगळं ताजं रंगवलेलं होतं.

वाळवी तर गृहीतच धरा. मातीच्या नळ्या करून चढते, अगदी आपल्याकडच्यासारखी. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडे तिची फॉर्मोसन जात आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातून आलेल्या लष्करी जहाजांतून ती आली असं मानतात. म्हणून इथे घराला ‘टर्माइट बाँड’ असतो, म्हणजे वाळवीचं औषध मारणाऱ्या कंपनीशी केलेला करार. तो आहे एवढं ऐकून खूश होऊ नका. नव्या मालकाच्या नावावर होतो का, आणि पुन्हा औषध मारण्यापुरताच आहे की खाल्लेलं लाकूडही बदलून देतात, हे दोन्ही विचारा. फरक हजारो डॉलरचा पडतो.

आणखी एक. अलाबामात जुन्या घराच्या बाबतीत अजूनही ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ हाच नियम चालतो. विकणारा आपणहून सगळं सांगेल, ही आशा सोडा.

विटांच्या सांध्यांत सिमेंट

या चुकीवर मला जास्त बोलायचंय, कारण ती आपली माणसं हौसेने करतात. जुन्या विटा मऊ असतात आणि सांधे चुन्याचे. ओल चुन्यातून बाहेर पडते. तिथे पोर्टलँड सिमेंटने दरजा भरल्या की ओलीची वाट बंद होते, मग ती विटेतूनच निघते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. पुण्यातल्या वाड्यांवर सिमेंटचा गिलावा चढवून आपण हेच केलं. गावातला मिस्त्री ‘सिमेंट मजबूत असतं’ म्हणेल. मजबूत आहे, हीच तर अडचण. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने काढलेली पुस्तिका, प्रिझर्व्हेशन ब्रीफ क्रमांक 2, याच विषयावर आहे आणि फुकट वाचता येते. ती छापून मिस्त्रीच्या हातात द्या.

कागद न बघणं

सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, हिस्सेदार अकरा, त्यातले दोन कुठे ते माहीत नाही. हे फक्त आपल्याकडे होतं असं वाटत असेल तर ‘एअर्स प्रॉपर्टी’ हा शब्द शिकून घ्या. मृत्युपत्र न करता मालक गेला की सगळ्या वारसांचा न वाटलेला हिस्सा राहतो. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत हे फार दिसतं, आणि एखादा हिस्सा विकत घेऊन कोर्टातून सगळी मालमत्ता विकायला लावण्याचा धंदा अनेकांनी केला. 2010 साली त्याला आळा घालणारा नमुना कायदा तयार झाला, जॉर्जिया आणि अलाबामानेही तो घेतला. भाव फारच कमी दिसला तर कोणाच्या तोंडचा घास आहे, हेही बघावं.

विकणारा ‘क्विटक्लेम डीड’ देतोय का? म्हणजे ‘माझं जे काही असेल ते तुझं’, हमी कसलीच नाही. वकिलाकडून टायटल, म्हणजे मालकीहक्क, तपासा आणि त्या हक्काच्या विम्याची मालकाची टायटल पॉलिसी वेगळी घ्या, बँकेची पॉलिसी बँकेलाच वाचवते.

‘रजिस्टरवर आहे’ ऐकून घाबरणं किंवा हुरळणं

1966 च्या कायद्यातून आलेल्या नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, घर असलं, तरी स्वतःच्या पैशाने केलेल्या बदलांना ती यादी आडकाठी करत नाही. अडवतं ते गावाचं लोकल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावाने स्वतःच्या नियमाने ऐतिहासिक ठरवलेली वस्ती. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनने 1931 मध्ये ही पद्धत सुरू केली. तिथे खिडकी बदलायलाही मंजुरी लागू शकते. आणि दुरुस्तीच्या खर्चावरची 20 टक्के फेडरल कर-सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच मिळते, तुम्ही स्वतः राहणार असाल तर नाही. काही राज्यांची स्वतःची सवलत असते, पण काम सुरू करण्याआधी अर्ज करा.

विम्याचा फोन शेवटी करणं

जुनी ‘नॉब अँड ट्यूब’ वायरिंग (चिनी मातीच्या गुंड्या-नळ्यांतून नेलेल्या सुट्या तारा) असली की अनेक कंपन्या विमाच देत नाहीत, आणि विमा नाही तर बँकेचं कर्ज नाही. शिवाय विम्याचा हप्ता खरेदीच्या किमतीवर ठरत नाही. घर जळालं तर तसंच बांधायला काय लागेल, त्यावर ठरतो, आणि तो आकडा खरेदीच्या कितीतरी पट असू शकतो. राहण्याजोग्या नसलेल्या घराला साधं कर्जही अवघड. दुरुस्तीचे पैसे धरून देणारं एफएचए (सरकारी गृहकर्ज-हमी संस्था) 203(के) कर्ज बघा, फक्त वेळ हाताशी ठेवा.

1978 च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असणारच असं धरून चाला. तपासणीला दहा दिवस मागण्याचा हक्क कायद्याने आहे. किनाऱ्याकडच्या पोर्चचं छत फिकट निळं दिसेल, तो या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांचा, गला-गीची लोकांचा, भुतं दूर ठेवायचा रंग. घरात लहान मूल असेल तर तो कोरडा खरवडू मात्र नका.

आणि शनिवारी निघू नका. पाऊस पडून गेल्यावरचा शुक्रवार धरा: घराखालची ओल दिसते, आणि काउंटीचं कोर्टहाउसही उघडं असतं.