बर्फ वितळतानाच्या नदीवर फ्लाय फिशिंग: नवीन लोकांसाठी माझा आठ सीझनचा अनुभव

मी फ्लाय फिशिंग शिकले ते उन्हाळ्याच्या शेवटी. पाणी नितळ, गुडघाभर, तळातला गोटा न गोटा दिसायचा, ट्राउट (थंड पाण्यातला मासा) वर येऊन फ्लाय, म्हणजे हुकवर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा, उचलते ते डोळ्यांनी बघता यायचं. मग हिवाळा गेला आणि त्याच नदीवर त्याच जागी वसंतात गेले तर नदी ओळखूच येईना. ज्या धोंड्यावर उभी राहायचे तो पाण्याखाली, पाणी मातकट, आणि आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गळ टाकला, एक मासा लागला नाही. नवीन माणसाला अशा वेळी एकच सल्ला मिळतो, की बर्फाचं पाणी उतरेपर्यंत घरी बसा. मला तो तेव्हाही पटला नाही आणि आता आठ सीझन झाल्यावर तर अजिबातच पटत नाही, कारण काठावर राहायची शिस्त असेल तर नदी वाचायला या दिवसांत जेवढं शिकायला मिळतं तेवढं नितळ पाण्यात मिळत नाही.

माझी मोठी चूक ही होती की मी मासा नदीच्या मधे शोधत होते. मांडीएवढ्या पाण्यात उतरायचं आणि लांबवर लाइन फेकायची, उन्हाळ्यातली सवय. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ आले, पाण्यात उतरलेच नाहीत, काठापासून दोन पावलं मागे गवतातच उभे राहिले, आणि मी पाच मिनिटांपूर्वी जे पाणी तुडवून पुढे गेले होते त्याच हातभर पट्ट्यातून त्यांनी एक चांगली मोठी ब्राउन ट्राउट काढली. मी बघतच राहिले. मग त्यांनी समजावलं की मधल्या धारेत उभं राहायला माशाला जेवढी ताकद लागते तेवढं खाणं तिथे त्याला मिळत नाही, आणि काठाशी, तळाशी, धोंड्यांच्या मागे पाणी घासून घासून मंद झालेलं असतं, म्हणून नदी जेवढी फुगते तेवढे मासे काठाला सरकतात. म्हणजे उन्हाळ्यात जे मासे पूर्ण पात्रभर पसरलेले असतात ते आता एका अरुंद पट्टीत गोळा होतात. पट्टी सापडली की काम सोपं आहे.

ती पट्टी शोधायची कशी, तर आधी गळ न टाकता दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. जोराचं पाणी आणि संथ पाणी शेजारी शेजारी वाहतात तिथे एक रेघ दिसते, तिला सीम म्हणतात, बहुतेक वेळा फेसाचे बुडबुडे त्या रेघेवरून जाताना दिसतील. मासा रेघेच्या संथ बाजूला थांबतो आणि शेजारून वाहत आलेलं खाणं उचलतो. काठाच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याच्या मागचा खोलगट भाग, आणि धोंड्याच्या पुढे पाणी आपटून मंद होतं तो छोटा टप्पा (हा लोक नेहमी विसरतात), पाण्याखाली गेलेलं गवत, एरवी कोरडी असणारी बाजूची चर, आणि जिथे पाणी उलटं फिरतं असे भोवरे, या सगळ्या त्याच्या जागा. भोवऱ्यात लक्षात ठेवा की मासा पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून असतो आणि तिथलं पाणी उलटं वाहतं, म्हणजे तो नदीच्या खालच्या दिशेला तोंड करून असू शकतो, तुम्ही कुठून जवळ जाताय ते त्यावरून ठरवा.

आता वेळेचं. ही गोष्ट मला उशिरा कळली आणि कळल्यावर सगळं बदललं. बर्फाची नदी दिवसाच्या घड्याळावर चालते, दुपारी उन्हाने बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो. उगमाजवळ असाल तर पाणी साधारण दुपारनंतर चढायला लागतं आणि पहाटे-सकाळी सगळ्यात कमी असतं. पण तीच नदी बरीच खाली गाठलीत तर कालच्या दुपारचा लोंढा तिथे मध्यरात्री किंवा थेट आज सकाळी पोचतो. म्हणून "सकाळी लवकर जा" हा सल्ला वरच्या भागात बरोबर आणि खालच्या भागात साफ चुकीचा ठरू शकतो. प्रत्येक नदीचं, प्रत्येक टप्प्याचं घड्याळ वेगळं, ते आपणच लिहून काढावं लागतं. मी पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवते आणि दर अर्ध्या तासाने बघते. पाणी काडीच्या पुढे आलं की चढतंय, काडी कोरडी पडली की उतरतंय. उतरतं पाणी चांगलं. चढत्या पाण्यात कचरा, पाला, माती सगळं वाहून येतं आणि मासे जागा बदलत असतात, माझा अनुभव असा की तेव्हा काही तास फार काही लागत नाही.

सीझनच्या सुरुवातीला अजून एक फसवणूक होते. चार-पाच दिवस छान ऊन पडतं, नदी जागची हलत नाही, आपल्याला वाटतं यंदा बर्फ कमी दिसतोय. तसं नसतं. सगळा थर आतपर्यंत शून्य डिग्रीला येईपर्यंत वर वितळलेलं पाणी आतच झिरपून परत गोठतं किंवा अडून राहतं, आणि एकदा का थर पूर्ण तयार झाला की मग जेवढं वितळेल तेवढं खाली यायला लागतं. त्यात ताजा पांढरा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो, जुना मळलेला बर्फ बरंच जास्त ऊन शोषतो, म्हणून शेवटी शेवटी वितळण्याचा वेग वाढत जातो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी सुटतात, मग उत्तरेकडचे आणि उंचावरचे, त्यामुळे पाणी एकदाच चढून उतरत नाही, दोन-तीन वेळा चढ-उतार होतो. मधेच पाणी उतरतं त्या दिवसांची मी वाट बघते. दोन-तीन रात्री तापमान शून्याखाली गेलं की वितळणं मंदावतं, पाणी उतरतं, निवळतं, आणि ते दोन दिवस सोन्यासारखे असतात. याच्या उलट रात्रीही ऊब राहिली किंवा बर्फावर पाऊस पडला तर जाऊच नका, पाणी कधी आणि किती येईल याचा भरवसा नसतो.

रंगाला घाबरायचं नाही, पण तपासायचं. काठाशी उथळ पाण्यात बुटाचा पंजा बुडवा आणि बघा. फूट-दीड फूट खोलीपर्यंत दिसत असेल तर मासा फ्लाय शोधून काढतो, हिरवट पाणी तर उत्तमच, गढूळपणामुळे उलट तुम्ही त्याला दिसत नाही आणि अगदी जवळ जाता येतं. चार बोटं खोलीवरचंही दिसत नसेल तर तो दिवस बघण्यात घालवा, किंवा धरणाच्या खालचा टप्पा गाठा, कारण माती वर धरणात बसून खाली बरंचसं स्वच्छ पाणी येतं. वरचे छोटे ओढे आणि तलाव हेही पर्याय आहेत.

थर्मामीटर मात्र घ्याच. ब्राउन ट्राउटची वाढ साधारण ४ ते १९ डिग्रीच्या मधे होते आणि १३ च्या आसपास सगळ्यात चांगली होते, आणि बर्फाचं पाणी बऱ्याचदा ४-५ वरच असतं. एवढ्या थंडीत मासा खातो, पण खाण्यासाठी लांब जात नाही, फ्लाय त्याच्या तोंडासमोरून हळू गेली पाहिजे. म्हणून मी सकाळी उशिरा सुरू करते, उन्हाने पाणी एक-दोन डिग्री वर आलं की आणि दुपारचा लोंढा यायच्या आत. त्या दोन-तीन तासांत जेवढं मिळतं तेवढं उरलेल्या दिवसात मिळत नाही.

फ्लायबद्दल नवीन लोक फार डोकं खातात, या सीझनला तेवढी गरज नाही. मोठी, गडद आणि जड, बस. स्टोनफ्लाय या पाणकिड्याची निम्फ (पंख फुटण्याआधीचं पिल्लू), गांडुळासारखी दिसणारी फ्लाय (काठाची माती ढासळते तेव्हा खरी गांडुळं वाहून येतातच), आणि काळा किंवा ऑलिव्ह रंगाचा वूली बगर ही पिसांची फ्लाय. हुक ६ ते १० नंबरचा, इथे नंबर लहान म्हणजे हुक मोठा हे सुरुवातीला उलटं वाटतं. स्टोनफ्लाय का, तर काही मोठ्या जातींचे निम्फ ३-४ वर्षं पाण्यातच वाढतात, त्यामुळे बारा महिने तळाशी मोठं खाणं हजर असतं, आणि पंख फुटायची वेळ आली की हे किडे मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्यासारखे पाण्याच्या पृष्ठभागावर येत नाहीत, रांगत काठाच्या दगडांवर येतात. म्हणजे खाणं पण काठालाच! दगडांवर त्यांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या दिसल्या तर अगदी पायाशी गळ टाका.

रॉड ९ फुटी, ५ किंवा ६ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी आहे तो नंबर) पुरतो. लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला पारदर्शक धागा) साडेसात फुटापेक्षा लांब नको, टिपेट (त्याचा शेवटचा बारीक भाग, ज्याला फ्लाय बांधतात) ३एक्स, म्हणजे साधारण ०.२० मिलिमीटर जाड. उन्हाळ्यात ५एक्स लावायची सवय असेल तर हे जाड वाटेल, पण या पाण्यात मासा धारेत शिरला की त्याच्या मागे धावता येत नाही, रॉड आडवा धरून त्याला काठाकडेच वळवावं लागतं, बारीक टिपेट तिथे तुटतं आणि गळ तोंडात घेऊन मासा जातो, त्याचं मला फार वाईट वाटतं. वजनासाठी टंगस्टनचा मणी असलेली फ्लाय घ्या, टंगस्टन शिशापेक्षा बरंच जड असतं त्यामुळे फ्लाय पटकन तळ गाठते. लांब कास्टची गरजच नाही. दीड-दोन रॉडएवढं अंतर, रॉड उंच धरायचा, लाइन शक्य तेवढी पाण्याच्या वर ठेवायची, आणि फ्लाय पाण्याच्याच वेगाने जाऊ द्यायची. तळाला अधूनमधून टेकत नसेल तर वजन वाढवा. मी दिवसभरात फ्लाय जेवढ्या वेळा बदलते त्याच्या तिप्पट वेळा वजन बदलते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. दुसऱ्या सीझनला मी पडले. पाणी मांडीच्याही खाली होतं, पलीकडे एक छान भोवरा दिसला, चार पावलं टाकली आणि पायाखालचा गोटा घरंगळला. थंड पाण्यात पडल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, ते आपल्या हातात नसतं, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. माझं नव्हतं. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटचा) बेल्ट घट्ट होता म्हणून आत पाणी कमी शिरलं, तीस-चाळीस फूट वाहत जाऊन मी काठाच्या संथ पाण्यात आले आणि बाहेर आल्यावर माझी बोटं बेल्टचं बकल उघडू शकत नव्हती. थंड पाण्याचा एक हिशोब पाठ करून ठेवा, १-१०-१: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. दहा मिनिटं हाच खरा वेळ आहे.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. नद्यांचं पाणी मोजणाऱ्या प्रशिक्षित लोकांचा एक नियम आहे, फुटातली खोली गुणिले सेकंदाला किती फूट हा वेग, उत्तर १० किंवा जास्त आलं तर ते उतरत नाहीत. काठाने वीस फूट मोजा, काडी टाका, पाच सेकंदांत पोचली तर वेग ४, म्हणजे अडीच फूट पाणी झालं की मर्यादा गाठली. ही त्यांची मर्यादा आहे, तुमची याच्या निम्म्याच्याही खाली ठेवा, माझी गुडघा आहे आणि मी ती मोडत नाही. नदी ओलांडायचीच नाही, कारण सकाळी ओलांडलेली नदी दुपारी परत येऊ देत नाही. पडलातच तर पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर, उथळ पाणी आल्याशिवाय उभं राहायचा प्रयत्न नको, पाय दगडांत अडकतो. आणि टप्पा निवडतानाच खाली चालत जाऊन बघा, पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल तर त्याच्या वरच्या बाजूला उतरू नका, पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

काठाने चालताना पण पायाखाली बघा. रेनबो ट्राउट वसंतातच अंडी घालते, बारीक खडीत आजूबाजूपेक्षा उजळ, घासून स्वच्छ केल्यासारखा एक लांबट खड्डा दिसला तर ते तिचं घरटं. त्यात पाय नको, त्यावरच्या माशावर गळ नको.

घरी आल्यावर बूट, वेडर्स, जाळी घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण एका नदीतलं शेवाळ आणि रोग ओल्या बुटातून दुसऱ्या नदीत जातात. याच कारणाने न्यूझीलंडने २००८ मध्ये नमद्याच्या (फेल्टच्या) तळाचे, ओल धरून ठेवणारे बूट बंद केले. बूट वाळत असतात तेव्हा मी वही काढते आणि तारीख, पाण्याचं तापमान, काल रात्रीचं हवेचं तापमान, काडी किती वाजता बुडाली आणि मासा काठापासून किती अंतरावर लागला एवढं लिहून ठेवते. त्या शेवटच्या रकान्यात आठ सीझनमध्ये मीटरपेक्षा मोठे आकडे फार थोडे आहेत.