सायकलचे बंद झालेले सुटे भाग साठवताना या चुका टाळा

सायकलच्या सुट्या भागांची एखादी मालिका बंद होणार अशी बातमी आली की जुनी सायकल जिवापाड जपणारा माणूस आधी धास्तावतो आणि मग मिळेल ते, मिळेल त्या भावाने घेऊन ठेवतो. २०२३ मध्ये गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीने 'क्यूज' ही मालिका आणली आणि अल्टस, असेरा, अलिव्हियो या ओळखीच्या मालिकांची जागा ती घेणार हे स्पष्ट झाले, तेव्हा मीही नऊ गिअरच्या माझ्या सायकलसाठी घाईने चार चेन आणि ब्रेक शूच्या सहा जोड्या आणल्या. साठा करावा का, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर प्रत्येक भागागणिक वेगळे असते आणि चूक होते ती सगळ्या भागांना एकच उत्तर लावल्यामुळे.

पहिली चूक म्हणजे 'कंपनीने बंद केले' याचा अर्थ 'आता मिळणार नाही' असा घेणे. ॲटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. तरीही त्या साध्या काळ्या सायकलला लागणारी कॉटर पिन, छर्रे, फ्रीव्हील आणि ब्रेकचे गज लुधियानातले अनेक छोटे उत्पादक बनवत असल्यामुळे कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. नऊ गिअरच्या चेनचेही तेच आहे, कारण ती केएमसीसारख्या इतर कंपन्याही बनवतात. माझ्या त्या चार चेनमध्ये अडकलेले पैसे दुसरीकडे अधिक उपयोगी पडले असते.

आकडा जुळला म्हणजे भाग जुळला, हा समज त्याहून महागात पडतो. क्यूजमधले नऊ गिअर आणि जुने नऊ गिअर यांच्या कॅसेटमधील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचातील) चकत्यांचे अंतर वेगळे आहे, आणि शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलणाऱ्या खटक्याच्या, एका टिचकीला ओढली जाणारी केबलही सारखी नाही. अशी सरमिसळ झाली की एका टोकाचा गिअर नीट बसतो, पण दुसऱ्या टोकाकडे जाता जाता चेन खडखडू लागते आणि केबलचा ताण कितीही कमीजास्त केला तरी ती ठिकाणावर येत नाही. केबल मोकळी सरकत असून आणि हँगर (मागचा गिअर टांगायची पट्टी) सरळ असूनही हे होत असेल, तर दोष जुळवणीत नसून निवडीत आहे. टायरच्या बाबतीतही हेच घडते. आपल्याकडच्या जुन्या सायकलच्या २८ × १½ टायरचा बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर '२८' असेच लिहिलेल्या ७००सी टायरचा ६२२ असतो; तेरा मिलिमीटरचा हा फरक कोणताही मिस्त्री ओढूनताणून भरून काढू शकत नाही. म्हणून खरेदीपूर्वी टायरच्या बाजूवर छापलेला तीन आकडी व्यास वाचावा.

रबराचा साठा करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. टायर, ट्यूब, ब्रेक शू आणि शिफ्टरवरची रबरी आवरणे न वापरताही म्हातारी होतात. उष्णता, ऊन आणि हवेतला ओझोन त्यांना तडे पाडतो. माझ्या ब्रेक शूच्या त्या जोड्या माळ्यावर, पत्र्याखालच्या उष्णतेत राहिल्या. काढल्या तेव्हा त्यांत नख रुतेना आणि पावसात त्यांनी रिम धरली नाही. पुढच्या एखाद्या वर्षापुरते घ्यावे, ते काळ्या पिशवीत, थंड जागी आणि ओझोन सोडणाऱ्या विजेच्या मोटरपासून (पंप वगैरे) दूर ठेवावे. लोखंडी भागांना मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंज चढतो; त्यांना तेलाचा हात फिरवून हवाबंद डब्यात ठेवावे.

खरोखर मिळवून ठेवावा असा भाग म्हणजे शिफ्टर, कारण तो गुंतागुंतीचा असतो, मोडला तर सहसा दुरुस्त होत नाही आणि दुसऱ्या मालिकेचा क्वचितच चालतो. पण 'शिफ्टर गेला' असे ठरवून महागडा जुना माल शोधण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. अनेक वर्षांच्या शिफ्टरची टिचकी लागत नाही, दांडा नुसताच फिरतो, त्याचे बहुतेक वेळा कारण आतले ग्रीस घट्ट होणे हे असते. केबल काढावी, आत ग्रीस विरघळवणारा पातळ द्रव फवारावा, दांडा पन्नास-साठ वेळा दाबत राहावे, काळपट पाणी गळून जाऊ द्यावे आणि शेवटी हलके तेल सोडावे. खोलण्याचा मोह मात्र टाळावा, आतल्या बारीक स्प्रिंगा उडाल्या की परत बसत नाहीत. नवा आणून ठेवलेला शिफ्टरही वर्षानुवर्षे पडून राहिला तर असाच अडतो, म्हणून त्याला अधूनमधून टिचक्या द्याव्यात.

किती घ्यावे याचा अंदाज वापरावरून बांधावा. बारा इंच असायला हवी तेवढी चेन मोजपट्टीवर एक सोळांश इंचाने वाढलेली दिसली की ती बदलावी. असे वेळेवर केले तर एकाच कॅसेटवर अनेक चेन निघतात आणि राखीव कॅसेट एखादीच पुरते. पुढच्या चेनव्हीलचे बोल्टवर्तुळ (त्याचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते) दुर्मीळ मापाचे असेल, तरच त्याची जोडी घ्यावी.

सगळ्यांत जास्त विसरला जाणारा भाग म्हणजे गिअर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर. सायकल उजव्या बाजूवर पडली की फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, आणि २०१९ मध्ये गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने अनेक फ्रेमना चालेल असा एकाच मापाचा हँगर आणण्यापूर्वीच्या बहुतेक फ्रेमना आपापल्या आकाराचाच लागतो. आपला हँगर आजच काढून, त्याच्या बोल्टच्या छिद्रांमधले अंतर मोजून आणि फोटो घेऊन दोन मागवावेत, आणि त्यांतला एक सीटखालच्या पिशवीत टाकावा.