घरच्या घरी गिनेससारखा स्टाउट

गिनेस म्हणजे स्टाउट, भाजक्या चवीची काळी बिअर. तिची नक्कल करताना लोक काळा रंग यावा म्हणून चार-पाच प्रकारचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) कोंबतात. काही गरज नाही. १९ लिटरला पेल (फिकट) माल्ट २.७ किलो, जवाचे पोहे ९०० ग्रॅम आणि भाजलेले जव ४५० ग्रॅम, बस्स. साखर-बिखर अजिबात नको.

भाजलेले जव मात्र मी वेगळे, कॉफीसारखे बारीक दळतो. रंग आणि तो कोरडा कडवटपणा तिथूनच येतो. बाकी धान्य नुसतं भरडायचं, सालं शाबूत राहिली पाहिजेत, नाहीतर गाळताना जीव जातो. पोह्यांमुळे फेस टिकतो, त्यात कंजुषी करू नका.

सगळं ६५ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवा, गाळा, मग तासभर खळखळून उकळा. ईस्ट केंट गोल्डिंग जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळकी फुलं) ६० ग्रॅम, उकळी फुटताच एकदम. शेवटी सुगंधासाठी आणखी घालायचा मोह आवरा, ही आयपीए (हॉप्सच्या सुगंधाची बिअर) नव्हे.

झटपट २० अंशांपर्यंत गार करून आयरिश एल यीस्ट घाला. यापुढे जे जे बिअरला लागेल ते निर्जंतुक हवं. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) १.०४३ वरून १.०१० च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस हलला नाही, की बाटल्या भरा. साखर लागते ती इथेच, बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून, आणि तीही लिटरला ४ ग्रॅमच.

पबमधल्या गिनेसवरची ती सायीसारखी फेसाची थर नायट्रोजन वायूची किमया. बाटलीत ती येणार नाही, चव येईल. पंधरा दिवस थांबा आणि फार गार करून पिऊ नका.