खानापूरच्या तांबड्या मातीला चुना दिला
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या माळावर भुईमुगाच्या शेंगा पोचट राहत. माती परीक्षणात सामू (pH; ७ च्या खाली म्हणजे माती आम्ल) ५.२ निघाला. मुसळधार पावसाने शेंगा भरायला लागणारे कॅल्शियम धुऊन जाते, आणि सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळून मुळे खुरटवते व स्फुरदही बांधून ठेवते, त्यामुळे नुसते खत वाढवून भागत नव्हते. अहवालातील मात्रेप्रमाणे बारीक दळलेली चुनखडी (कळीचा चुना नव्हे, तो हात पोळतो) वळवानंतर, पेरणीच्या महिनाभर आधी, वारा पडलेला पाहून विस्कटली आणि कुळवाने वरच्या १५ सेंटीमीटर थरात मिसळली. सोबत युरिया टाकला नाही, कारण त्यातील नत्र अमोनिया होऊन उडते. त्या हंगामात उपटलेल्या वेलांच्या मुळांवर हवेतले नत्र धरणाऱ्या गाठी भरघोस होत्या, आतून गुलाबी, म्हणजे कामाच्या. भाताच्या खाचरात मात्र चुना टाकलेला नाही. पाणी साचले की तिथला सामू आपोआप वर सरकतो.